बाबांचा डबा : वर्तकनगरच्या प्रकल्प नोंदी

मंगळवार, २७ मे २०२५

काम ठरलं. जूनचा तिसरा रविवार म्हणजे १५ तारीख, फादर्स डे. १६ला शाळा उघडतात. सुट्टीचे जे दिवस उरलेत तेवढ्यात ठाण्याच्या वर्तकनगरातल्या आमच्या इमारतीतल्या मुलांनी आपापल्या वडिलांसाठी घरी केलेल्या खाऊचा एकेक डबा भरायचा.

अटी मुलांसमोरच फळ्यावर लिहिल्या. डबा, बरणी, झाकण यातलं काही विकत घ्यायचं नाही. सजावटीचंही नाही, रिबन नको, चमकी नको. खाऊचं सामान एका डब्यामागे पन्नास रुपयांच्या आत बसलं पाहिजे. आणि खाऊ संपल्यावर तो डबा घरात वापरात राहिला पाहिजे. ही शेवटची अट माझी आग्रहाची आहे. टाकाऊतून टिकाऊ म्हणून केलेली किती तरी फुलदाणी-पेनस्टँडं आठवडाभर टीव्हीशेजारी उभी राहतात आणि मग कोरड्या कचऱ्याच्या बादलीत जातात. मुलांची मेहनत तिथे गेलेली मला बघवत नाही.

दुसरी गोष्ट हवेची. मोसमी पाऊस कालच मुंबईत दाखल झाला. त्याची नेहमीची तारीख ११ जून, म्हणजे यंदा दोन आठवड्यांहून जास्त लवकर. जे काही कुरकुरीत करू ते सादळणार. तेव्हा डब्याच्या रंगरूपाआधी त्याचं झाकण बघायचं.

शुक्रवार, ३० मे

डबे गोळा झाले. कॉफीच्या काचेच्या बाटल्या, जॅमच्या, लोणच्याच्या बरण्या, श्रीखंडाचे प्लास्टिकचे डबे (हे प्रत्येक घरातून आले), लहान बाळाच्या दूध पावडरचा पत्र्याचा डबा, बिस्किटांचा मोठा टिन, पेपरमिंटच्या गोळ्यांची चपटी पत्र्याची डबी, मिठाईचे पारदर्शक डबे. एकाने रंगाचा रिकामा डबा आणला, एकीने फिनेलची बाटली. दोन्ही परत पाठवले. आधी खायचं-प्यायचंच असलेला डबा खाऊसाठी घ्यायचा. रंग, साबण, औषध, कीटकनाशक यांचा डबा कितीही घासला तरी नाही. मुलांना कारण सांगितलं की लगेच पटतं.

मग प्लास्टिक उलटं करून त्रिकोणातला आकडा वाचायचा खेळ. आकडा १ म्हणजे पीईटी: पाण्याच्या बाटल्या, मिठाईचे पारदर्शक डबे. सत्तर-पंचाहत्तर अंशांच्या पुढे हे मऊ पडून वेडंवाकडं होतं, म्हणून त्याला उकळतं पाणी नाही आणि आत गरम खाऊही नाही. आकडा ५ म्हणजे पॉलिप्रॉपिलीन. श्रीखंडाचे आमचे सगळे डबे याच जातीचे निघाले. याला उष्णता सोसते. आकडा ६ सरळ बाजूला ठेवला.

पत्र्याचे डबेही चाचपले. कटरने कापून उघडलेल्या डब्याची कड ब्लेडसारखी असते, ते बाद. दाबून बसणाऱ्या झाकणाचे तेवढे ठेवले.

रविवार, १ जून

धुण्याचा दिवस. लेबलं काढण्यात मुलांना फार मजा आली. बरण्या कोमट पाण्यात अर्धा तास बुडवल्या की कागद सुटतो. मागे राहतो तो चिकटा. त्याला खोबरेल आणि खायचा सोडा समप्रमाणात कालवून चोळला, दहा मिनिटं ठेवला आणि काथ्याने घासला. साफ. प्लास्टिकच्या लेबलांना हेअर ड्रायरची गरम हवा दिली की ती सालीसारखी सोलून येतात.

काचेच्या बरण्या मी स्वतः उकळल्या. मोठ्या पातेल्यात गार पाणी, त्यात बरण्या आणि मग गॅस. पाणी उकळायला लागल्यापासून दहा मिनिटं. उकळत्या पाण्यात गार बरणी टाकली तर काच तडकते, हे मुलांना लांबूनच सांगितलं.

खरी अडचण झाकणांची. लोणच्याच्या बरणीच्या झाकणाला आतून मऊ अस्तर असतं. ते वास धरून ठेवतं. सोड्याची पेस्ट लावून रात्रभर ठेवलंय. वास गेला तर बरंच, राहिला तर त्या बरणीत मसालेदार काहीतरी भरू. गोड मात्र नाही.

ऊन अधूनमधून येतंय. बरण्या पुसून पंख्याखाली पालथ्या घातल्या. झाकणाच्या आट्यांत पाणी दडून बसतं. तिथे सुती कापडाची वळी फिरवायला धाकट्यांना बसवलंय. त्यांची बोटं बारीक, त्यांनाच ते नीट जमतं.

मंगळवार, ३ जून

आज प्रत्येकाला विचारलं, तुझ्या बाबांना खायला काय आवडतं?

जवळजवळ सगळ्यांचं एकच उत्तर. "काहीही चालतं."

आईला काय आवडतं ते पटापट सांगतात. आजीला काय चालत नाही ते तर पाठच. भावाला पनीर, बहिणीला पाणीपुरी. बाबांचं नाव आलं की थांबतात. एक मुलगी म्हणाली, "काकू, बाबा उरलेलं खातात ना, म्हणून माहीत नाही." ती अगदी सहज म्हणाली. ताटात काय हवं हे जो कधी सांगत नाही त्याची आवड घरात कुणी विचारत नाही, आणि मग मुलांच्या कानावर ती येणार तरी कुठून?

त्यामुळे खाऊ कोणता करायचा हे आज ठरवलंच नाही. मुलांना काम दिलं: शुक्रवारपर्यंत बाबांकडे लक्ष ठेवा. आल्या आल्या काय तोंडात टाकतात, कशाचा डबा स्वतःहून उघडतात, लहानपणीची कुठली चव सांगतात. त्यांना थेट विचारायचं नाही, आजी-आत्या-काका यांना विचारलं तर चालेल. एका ओळीत लिहून आणायचं.

सातवीतल्या एकाचे वडील चार वर्षांपूर्वी गेले. त्याच्याशी मी आधीच बोलले होते. तो आजोबांसाठी करणार आहे आणि हे त्याने स्वतः ठरवलंय. बाकीच्यांनाही ते माहीत आहे, कुणी वेगळं काही बोललं नाही.

शुक्रवार, ६ जून

या कागदांसाठीच हा प्रकल्प केला असता तरी चाललं असतं.

दुसऱ्या मजल्यावरच्या मुलाचे पप्पा रबाळ्याला एमआयडीसीत शिफ्टमध्ये काम करतात. सेकंड शिफ्ट असली की ट्रान्स हार्बरच्या लोकलने ठाण्याला उतरून घरी यायला त्यांना मध्यरात्र होते. मुलगा जागा राहिला. त्याने लिहिलंय: "पप्पा लाइट न लावता ओट्यापाशी उभे राहून गूळ आणि शेंगदाणे खातात. मग पाणी पितात. मग जेवतात." आईला हे माहीत होतं, मुलाला नव्हतं. चिक्की करायची हे त्याने स्वतःच सांगितलं, वर म्हणाला, "पण बारीक वड्या पाडू, आवाज नको व्हायला."

तळमजल्यावरच्या सहावीतल्या मुलीचे बाबा रिक्षा चालवतात. तिने लिहिलंय की ते सिग्नलला तंबाखू मळतात आणि घरी आले की खिशातली डबी कपाटावर ठेवतात. तिला तशीच खिशात मावेल अशी डबी हवी आहे, आत बडीशेप. महाराष्ट्रात गुटखाबंदी २०१२ साली आली, पण साधी तंबाखू-चुन्याची डबी काही खिशातून गेली नाही. या मुलीला उपदेश करायचा नाहीये. हात खिशात गेल्यावर तिथे दुसरं काहीतरी असावं, एवढंच तिचं म्हणणं. बाबांचीच जुनी डबी घासून घेऊ का, असं तिने विचारलं. ती नको, तिच्या सांध्यांत चुना-तंबाखू राहतेच. पेपरमिंटची चपटी डबी तिला दिली.

एकीचे अब्बू रोज सकाळी सगळ्या घराचा चहा स्वतः करतात, दुसऱ्या कुणाला गॅसजवळ येऊ देत नाहीत. त्यांच्यासाठी चहाचा मसाला. एकीच्या मनात चॉकलेट होतं, पण डॉक्टरांनी बाबांचं गोड बंद केल्याचं तिला याच आठवड्यात कळलं. फुटाणे ते आवडीने खातात, म्हणजे मसाला फुटाणे. एकाचे बाबा मूळचे सांगलीकडचे, फोनवर काकांशी बोलताना भडंगाचा विषय निघतोच. बिस्किटांचा मोठा टिन त्यांच्या नावावर. दोघी बहिणींचे बाबा नोकरीनिमित्त नागपूरला. त्यांचा डबा पोस्टाने जायचा, म्हणजे काच नाही. पत्र्याचा दूध पावडरचा डबा आणि प्रवासात टिकणारे खारे शंकरपाळे.

आजोबांच्या डब्यात मेतकूट. त्यांना दात नाहीत, पण मऊ भात, तूप आणि मेतकूट ते चवीने जेवतात. आजी होती तोवर ती घरी करायची. आता विकतचं येतं आणि त्यात मेथी कमी असते, अशी त्यांची तक्रार नातवाने शब्दशः उतरवून आणलीय.

शनिवार, ७ जून

बकरी ईद. चहा मसालावाली आज नाही. संध्याकाळी तिच्याकडचा शीरखुर्मा मात्र आमच्याकडे आला. नागपूरच्या डब्याला घाई आहे म्हणून शंकरपाळे आजच केले: मैदा, थोडा रवा, ओवा, मीठ, तेलाचं कडकडीत मोहन. पीठ घट्ट मळायचं, पोळी पातळ लाटायची आणि तळताना आच मंद. मोठ्या आचेवर ते वरून लाल होतात पण आत मऊ राहतात, आणि तेच दोन दिवसांत सादळतात.

रविवार, ८ जून

सकाळी लवकर जांभळी नाक्याच्या बाजारात. चार मोठी मुलं बरोबर. किराणा ठोकने घ्यायचा आणि वाटून घ्यायचा, तरच पन्नासच्या आत बसतं. शेंगदाणे एक किलो १४० रुपये, चिक्कीचा गूळ एक किलो ७०, फुटाणे अर्धा किलो ७०, बडीशेप शंभर ग्रॅम ३०, धणाडाळ शंभर ग्रॅम २५. भडंगाला लागणारे जाड चुरमुरे एका भडभुंज्याकडे मिळाले. फुटाण्यांच्या जोडीला मखाणे घ्यावेत असं एका आईने सुचवलं होतं. भाव ऐकून ते राहू दिले. सुकं खोबरंही यंदा फार चढलंय. वेलची दहा ग्रॅम घेतली तरी चहा मसाल्याच्या डब्याचे बहुतेक पैसे तिथेच जातात, म्हणून त्यात सुंठ आणि मिरे वाढवायचे. पावसाळ्यात तसा मसाला जास्त चांगलाही लागतो.

मुलांनी भाव विचारले, तागडीवर नजर ठेवली, हिशेब वहीत उतरवला. चिक्कीचा डबा: पाव किलो दाणे, पाव किलो गूळ, चमचाभर तूप. हा खर्च साठच्या घरात जात होता, तो पन्नासच्या आत आणायला दोघांनी मिळून निम्मं निम्मं वाटून घेतलं आणि उरलेली चिक्की सगळ्यांनी खायची ठरली.

सोमवार, ९ जून

नागपूरचा डबा स्पीड पोस्टाने गेला. डब्यात शंकरपाळे गच्च भरले, वरची पोकळी चुरगळलेल्या बटर पेपरने भरली म्हणजे हलून चुरा होत नाही. झाकणाच्या कडेने चिकटपट्टीचा एक वेढा. टपालखर्च खाऊपेक्षा जास्त झाला. तो मुलींच्या आईने दिला आणि तो पन्नासात धरलेला नाही.

मंगळवार, १० जून

आज वटपौर्णिमा, बायकांची सकाळ वडापाशी. दुपारी मुलं सजावटीला बसली.

लग्नसराईतल्या पत्रिका घरोघरी पडून होत्या. त्यांचा जाड कागद चिठ्ठ्यांना उत्तम. नाक्यावरच्या शिंप्याने शर्टांच्या कापडाचे तुकडे पिशवीभर दिले. झाकणावर गोल कापून सुतळीने बांधले की बरणी नेटकी दिसते. डकवायला मैद्याची खळ करू असं एका आजोबांनी सुचवलं. पूर्वी खळीला बुरशी येऊ नये म्हणून तिच्यात मोरचूद घालायचे. ते विष आहे, खाऊच्या डब्याजवळ नको, आणि मोरचुदाशिवायच्या खळीला या हवेत दोन दिवसांत बुरशी येईल. नेहमीचा पांढरा गोंद वापरला, तोही बाहेरूनच.

वर्तमानपत्राचा कागद आत घालायचा नाही. शाईतली रसायनं तेलकट खाऊत उतरतात. अन्न सुरक्षा प्राधिकरणाच्या २०१८च्या वेष्टन नियमांतही खाद्यपदार्थ वर्तमानपत्रात बांधायला मनाई आहे. हे वाचून दाखवल्यावर एकाने विचारलं, मग वडापाव? मी म्हटलं, घरून डबा ने आणि त्यात घे.

पहिल्या मजल्यावरच्या आजींनी हे फादर्स डे कुठून आलं ते विचारलं. सांगितलं: अमेरिकेत स्पोकेन नावाच्या शहरात १९१० साली सोनोरा स्मार्ट डॉड या बाईंनी तो सुरू केला, कारण आई गेल्यावर त्यांच्या वडिलांनी एकट्याने मुलं वाढवली होती. तिकडच्या सरकारने त्यावर कायद्याने शिक्का मारला तो थेट १९७२मध्ये. आजी जरा वेळाने म्हणाल्या, "आमच्या अण्णांनीही आम्हा भावंडांना असंच वाढवलं." आणि चिंध्या कापायला त्या शेवटपर्यंत बसल्या.

गुरुवार, १२ जून

स्वयंपाकाचा पहिला दिवस. गॅसजवळ मोठी माणसं, बाकी सगळं मुलं.

मुखवास: बडीशेपेला लिंबाचा रस आणि काळं मीठ चोळून अर्धा तास ठेवली, मग मंद आचेवर ओल जाईपर्यंत परतली. जवस, तीळ, ओवा हे प्रत्येक वेगळं भाजायचं, कारण तीळ आधी तडतडतात आणि जवसाला वेळ लागतो. धणाडाळ तयारच असते, ती शेवटी मिसळायची. सुपारी नाही, साखर नाही. डबीत भरण्याआधी मुलीने ती स्वतःच्या फ्रॉकच्या खिशात घालून जिना चढून-उतरून पाहिला. झाकण उघडलं नाही.

मसाला फुटाणे: दोन चमचे तेलात हिंग, हळद, कढीपत्ता. कढीपत्ता चुरचुरीत झाला पाहिजे, कारण त्यात ओल राहिली तर तोच सगळ्या बरणीला सादळवतो. मग तिखट, मीठ, फुटाणे. लोणच्याच्या बरणीच्या झाकणाचा वास अजून थोडा आहेच, ती बरणी यांच्याकडे गेली आणि शोभली.

शुक्रवार, १३ जून

मेतकूट. हरभरा डाळ, तांदूळ, थोडे गहू, उडीद डाळ वेगवेगळी खमंग भाजली. धणे, जिरे, मोहरी, सुंठ, हळद, हिंग, आणि मेथी नातवाच्या हाताने. किती घालायची ते ठरवायला आजोबांनाच चव द्यावी लागली, त्यामुळे त्यांचं गुपित फुटलं. त्यांनी वाटीतलं चिमूटभर तोंडात टाकलं, डोळे मिटले आणि म्हणाले, "अजून अर्धा चमचा." तेवढीच घातली.

चिक्की: गूळ आणि तूप कढईत, सतत हलवत. पाकाचा थेंब गार पाण्यात टाकायचा. गोळी कट्कन तुटली की झालं, ओढली गेली तर अजून वेळ आहे. भाजून सोललेले दाणे घातले, तूप लावलेल्या ओट्यावर ओतलं, लाटण्याने भरभर पातळ लाटलं आणि गरम असतानाच सुरीने बारीक वड्या पाडल्या. दमट हवेत चिक्की वरून चिकट होते, म्हणून प्रत्येक वडी बटर पेपरात गुंडाळली. गुंडाळणं मुलानेच केलं, रात्री आठपर्यंत.

शनिवार, १४ जून

भरणं. खाऊ हाताला जराही कोमट लागला तर भरायचा नाही. आत वाफ धरते आणि झाकणाला घाम येतो. भडंग सकाळीच केलं, लसूण कुरकुरीत तळून, आणि दुपारपर्यंत परातीत पसरून ठेवलं. चपलांच्या खोक्यांतून निघणाऱ्या ओल शोषणाऱ्या पुड्या कुणीतरी आणल्या होत्या. त्या खाऊत घालायच्या नाहीत. डबा गच्च भरला की आत हवाच कमी राहते, तेवढं पुरतं.

चिठ्ठीवर काय लिहायचं ते मी सांगितलं नाही. रिक्षावाल्या बाबांच्या डबीला चिठ्ठी लावायला जागाच नाही. मुलीने झाकणाच्या आत लहान कागद डकवलाय. काय लिहिलंय ते तिने दाखवलं नाही.

रविवार, १५ जून

डबे दिले गेले. नागपूरहून फोटो आला, शंकरपाळे अख्खे पोचले. चहा मसाला सकाळीच चहात गेला. पप्पांना आज सेकंड शिफ्ट होती, तो डबा मुलाने ओट्यावर ठेवून दिला आणि झोपला.

रविवार, २२ जून

आठवड्यानंतरची तपासणी, मुलांनी घरोघर जाऊन केलेली. काचेच्या बरण्यांतलं सगळं ठीक. मसाला फुटाणे कुरकुरीत. श्रीखंडाच्या डब्यातली चिक्की चांगली आहे, पण झाकण एका बाजूने सैल बसतं. पुढच्या वेळी आटे असलेली कॉफीची बाटली घ्यायची. भडंग मऊ पडलं: बिस्किटांच्या टिनचं झाकण नुसतं वर बसतं, हवा आत जाते. टिनच्या आत घट्ट बांधलेली पिशवी हवी होती, किंवा तो टिन लाडूंना ठेवायचा. सांगलीकर बाबांनी भडंग कढईत दोन मिनिटं परतून संपवलं आणि त्या टिनमध्ये आता त्यांची पक्कड-पाने आहेत.

रविवार, २९ जून

दोन डबे पुन्हा भरायला आले. मेतकुटाची कॉफीची बाटली; यावेळी नातवाला प्रमाण पाठ आहे आणि आजोबांनी शेजारच्यांसाठीही वाढवून सांगितलंय. आणि पेपरमिंटची डबी. मुलीने बाबांचा निरोप आणला: ओवा जिभेला झोंबतो, तो कमी करा, धणाडाळ वाढवा, आणि रिक्षात ठेवायला एक मोठी बाटलीही द्या. जॅमची एक बाटली उरली होती, ती उकळायला ठेवली आहे.